परदेशी विद्यापीठातील एक सत्र : देवाणघेवाणीचा खरा अर्थ

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



एखाद्या संस्थेने पन्नास वर्षे अखंड कार्य करावे ही सामान्य गोष्ट नव्हे. या मंगल प्रसंगी चार विचार मांडण्याची संधी विश्वस्त मंडळाने मला दिली, याबद्दल मी प्रारंभीच ऋण व्यक्त करतो. ज्या काळी या संस्थेची स्थापना झाली, त्या काळी आपल्या गावातून मुंबई-पुण्यास शिकावयास जाणे हीच एक घटना होती. स्टेशनवर निरोप द्यायला अर्धी पेठ लोटत असे. आज त्याच घरांतील नातवंडे जर्मनी, फ्रान्स, इटली येथील विद्यापीठांत सहा महिने शिकून येतात आणि त्याचे कोणास फारसे नवल वाटत नाही. मात्र अशा मुलामुलींचे पालक मला भेटतात, तेव्हा त्यांचे प्रश्न बहुधा जाण्याविषयीचे असतात. तिकीट किती, थंडी किती, जेवणाचे काय? परत आल्यावर त्या शिक्षणाचे काय होणार, हा प्रश्न फार थोडे विचारतात. माझ्या अनुभवाप्रमाणे सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच आहे, आणि आजचे माझे बोलणे त्याच एका प्रश्नाभोवती असणार आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट करतो. परदेशी जाऊन तेथील पदवी घेणे ही एक गोष्ट, आणि आपल्याच विद्यापीठाचा विद्यार्थी राहून एक-दोन सत्रे परदेशी विद्यापीठात शिकणे ही दुसरी गोष्ट. दुसऱ्या प्रकाराला विद्यार्थी-देवाणघेवाण म्हणतात. येथे दोन विद्यापीठांत करार असतो. आपला विद्यार्थी तिकडे जातो, तिकडचा इकडे येतो. यजमान विद्यापीठ शिकवणी शुल्क घेत नाही, कारण विद्यार्थी ते आपल्या मूळ विद्यापीठात भरतच असतो. पदवी मूळ विद्यापीठाची मिळते आणि परदेशात केलेला अभ्यास त्या पदवीत धरला जातो. निदान धरला जावा, अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा पुरी झाली नाही, तर विद्यार्थ्याच्या वाट्याला काय येते, हे सांगण्यासाठी मी आपणांस १९५८ सालच्या रोम शहरात नेतो.

एका विद्यार्थिनीचा अपमान

सोफिया कोर्रादी ही रोमच्या सापिएंझा विद्यापीठात कायद्याचा अभ्यास करणारी विद्यार्थिनी. जन्म १९३४ चा. म्हणजे दुसरे महायुद्ध संपले त्या वेळी ती अकरा वर्षांचीही नव्हती. अभ्यासात हुशार असल्यामुळे तिला अमेरिकेची फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तिने कायद्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतले.

या शिष्यवृत्तीविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. अमेरिकेचे सिनेटर विल्यम फुलब्राइट यांनी १९४६ साली ती कायद्याने सुरू करविली. महायुद्ध संपल्यावर निरनिराळ्या देशांत अमेरिकन सैन्याचे अतिरिक्त सामान पडून होते. ते विकून जो पैसा येईल तो विद्यार्थी व अध्यापकांच्या देवाणघेवाणीवर खर्च करावा, ही त्यांची कल्पना. युद्धसामग्रीचा याहून उत्तम उपयोग क्वचितच कोणी सुचविला असेल. भारताशी या योजनेचा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला. २००८ मध्ये नवा करार होऊन दोन्ही सरकारे खर्चात समान भागीदार झाली आणि योजनेस फुलब्राइट-नेहरू असे नाव मिळाले. घेणारा आणि देणारा समान पातळीवर आले, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट.

सोफिया १९५८ साली रोमला परतली. कोलंबियातील अभ्यास आपल्या इटालियन पदवीत धरला जाईल अशा समजुतीने ती कागदपत्रे घेऊन विद्यापीठाच्या कार्यालयात गेली. तेथे तिच्या कागदांना मान्यता तर मिळाली नाहीच, उलट चार लोकांसमक्ष तिचा उपहास झाला. मुलगी अभ्यास सोडून अमेरिकेत भटकून आली आणि आता सवलत मागते आहे, असाच एकंदर सूर होता. जगातील एका नामांकित विद्यापीठातील अभ्यास तिच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या दप्तरी शून्य ठरला. राहिलेल्या परीक्षा तिला रोममध्ये रीतसर द्याव्या लागल्या.

असे अपमान अनेकांचे होतात. बहुतेक जण ते गिळतात आणि पुढे जातात. सोफिया कोर्रादी यांनी मात्र दुसऱ्या कोणावर अशी वेळ येऊ नये हे आपले आयुष्यकार्य मानले. पुढे त्या इटलीच्या विद्यापीठांतील कुलगुरूंच्या परिषदेच्या सल्लागार झाल्या. तेथे असताना १९६९ साली त्यांनी एक टिपण तयार केले. आशय साधा होता. विद्यार्थ्याने आपल्या विद्यापीठाच्या पूर्वसंमतीने परदेशी विद्यापीठात काही काळ अभ्यास केला, तर तो अभ्यास त्याच्या पदवीत गणला जावा. त्यांची मागणी एवढीच होती. पण एवढ्याच मागणीसाठी त्यांना पुढील अठरा वर्षे पत्रे लिहावी लागली, सभा घ्याव्या लागल्या आणि अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले.

टिपणापासून योजनेपर्यंत

१९७६ साली तेव्हाच्या युरोपीय आर्थिक समुदायाने संयुक्त अभ्यासक्रमांची एक छोटी योजना सुरू केली. दोन देशांतील विद्यापीठांच्या विभागांनी आपसांत ठरवून विद्यार्थी पाठवावेत व त्यास समुदायाने थोडे साहाय्य करावे, असे तिचे स्वरूप होते. दहा वर्षांच्या या प्रयोगातून अडचणी कोठे येतात ते कळले. वेल्समधून ब्रुसेल्सला आलेले अधिकारी हायवेल केरी जोन्स आणि इटालियन अधिकारी दोमेनिको लेनार्दुत्सी यांनी शिक्षण विभागात राहून ही कल्पना वाढविली. स्पेनचे आयुक्त मानुएल मारिन यांनी ती राजकीय पातळीवर लढविली. सदस्य देशांची सरकारे खर्चास तयार नव्हती आणि योजना बारगळते की काय अशी वेळ आली होती. त्या वेळी फ्रांक ब्यांशेरी या तरुण फ्रेंच विद्यार्थिनेत्याने फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मितराँ यांना गाठून त्यांचा पाठिंबा मिळविला. विद्यार्थी, अधिकारी आणि राज्यकर्ते अशा तिघांनी हात लावला तेव्हा कोठे हे गाडे पुढे सरकले.

१५ जून १९८७ रोजी योजनेस मंजुरी मिळाली. तिचे नाव ‘इरॅस्मस’. लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून हे नाव साधले असले, तरी त्यामागे रॉटरडॅमच्या इरॅस्मस या विद्वानाचे स्मरण आहे. हा पंडित पॅरिसला शिकला, १५०६ साली तूरिनला त्याने डॉक्टर ही पदवी घेतली, केंब्रिजला त्याने अध्यापन केले आणि १५३६ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे त्याचा अंत झाला. ज्ञानासाठी देशोदेशी फिरणाऱ्या माणसाचे नाव या योजनेस शोभून दिसते.

पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थी या योजनेतून गेले. पुढे प्रशिक्षणार्थी, शाळकरी मुले व अध्यापक यांनाही योजनेत स्थान मिळाले. आजवर लाभ घेतलेल्या सर्वांची एकूण संख्या दीड कोटीच्या पुढे गेली आहे. २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी तिची तरतूद २६ अब्ज युरोंहून अधिक आहे. सोफिया कोर्रादी यांना युरोपात प्रेमाने ‘मामा इरॅस्मस’, म्हणजे इरॅस्मसची आई, म्हणू लागले. २०१६ साली स्पेनमध्ये त्यांना युरोपीय कार्यासाठीचा कार्लोस पाचवा पुरस्कार देण्यात आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्या कार्यालयात कागद नाकारले गेले, तेथून घरी परतणाऱ्या त्या तरुणीस याची कल्पनाही नसेल.

कागदांची किंमत

या योजनेचे यश कशात आहे, असे कोणी विचारले तर लोक पैशाकडे बोट दाखवितात. पैसा हवाच. परंतु माझ्या मते खरे यश तीन साध्या कागदांत आहे.

पहिला कागद म्हणजे अभ्यासकरार. विद्यार्थी तिकडे कोणते विषय शिकणार आणि त्या बदल्यात इकडचे कोणते विषय त्याला माफ होणार, हे जाण्यापूर्वी लिहिले जाते. त्यावर विद्यार्थी, मूळ विद्यापीठ व यजमान विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या असतात. दुसरा कागद म्हणजे यजमान विद्यापीठाचे गुणपत्रक. तिसरा कागद म्हणजे मूळ विद्यापीठाने दिलेली मान्यता, की हा अभ्यास आम्ही आमच्या पदवीत धरला. १९५८ साली सोफियाजवळ दुसरा कागद होता. पहिला व तिसरा नव्हता. सारा फरक तेवढ्यातच पडला.

या कागदांवर लिहावयाचे माप कोणते? पुण्याची पायली आणि कोल्हापूरची पायली सारखी नसेल तर व्यापार कसा व्हावा? आपण व्यापारी समाजातील माणसे आहोत, आपल्याला हे वेगळे सांगावयास नको. युरोपने १९८९ पासून श्रेयांकांचे एक सामाईक माप आणले. पूर्ण वर्षाचा अभ्यास म्हणजे ६० श्रेयांक, एका सत्राचे ३०, आणि एका श्रेयांकामागे विद्यार्थ्याचे सुमारे २५ ते ३० तासांचे काम. त्यात वर्गातील व्याख्यान, घरचा अभ्यास आणि परीक्षा हे सर्व आले. हे माप ठरल्यावर लिस्बनचे ६ श्रेयांक वॉर्सात समजू लागले.

माझी एक चूक

आता मी आपणांस माझ्याच हातून झालेल्या एका चुकीची हकीकत सांगतो. काही वर्षे आमच्या महाविद्यालयात परदेशी देवाणघेवाणीचे काम माझ्याकडे होते. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातील एक विद्यार्थिनी जर्मनीतील एका विद्यापीठात सत्रासाठी गेली. वडिलांचे किराणा दुकान. घरातून पहिल्यांदाच कोणी देशाबाहेर जात होते. तिला पाठविताना मला अभिमान वाटला आणि त्या आनंदात मी एक गोष्ट पुढे ढकलली. तिच्या अभ्यासकरारावर विभागप्रमुखांची सही घेतली नाही. आल्यावर पाहू, असे मी म्हणालो.

जर्मनीतील हिवाळी सत्र ऑक्टोबरला सुरू होते. व्याख्याने फेब्रुवारीपर्यंत चालतात आणि परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात. आपल्याकडे मात्र जानेवारीत पुढील सत्र सुरू झालेले असते. म्हणजे तिकडचे एक सत्र आपल्याकडच्या दोन सत्रांवर पाय ठेवून उभे असते. मुलगी मार्चअखेर परतली. तिचे गुणपत्रक त्याहूनही उशिरा आले. तोवर परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत टळून गेली होती.

गुणपत्रक आले तेव्हा दुसरीच अडचण उभी राहिली. जर्मन पद्धतीत १ हा सर्वोत्तम गुण, ४ म्हणजे जेमतेम उत्तीर्ण आणि ५ म्हणजे अनुत्तीर्ण. या मुलीला एका विषयात १.३ गुण होते, म्हणजे उत्कृष्ट. आमच्या कार्यालयातील लिपिकाने ते दहापैकी समजून खेदाने मान हलविली. तो गैरसमज दूर करण्यातच काही आठवडे गेले. शेवटी तीन विषय मान्य झाले. दोन विषयांची नावे आमच्या अभ्यासक्रमाशी जुळत नाहीत म्हणून ते नाकारले गेले. त्या दोन विषयांत तिला एटीकेटी लागली आणि एटीकेटी असलेल्यांस ज्या कंपनीच्या कॅम्पस मुलाखतीला बसता येत नव्हते, त्या मुलाखतीला ती मुकली.

ती माझ्याकडे आली. रागावली नाही. एवढेच म्हणाली, “सर, तिथे मी नापास झाले नाही. मग इथे का?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. सोफिया कोर्रादी यांची हकीकत मी पुढे वाचली तेव्हा मला रोममधील ते कार्यालय दिसले आणि त्या कार्यालयात टेबलाच्या पलीकडे मी स्वतः बसलेला दिसलो. चूक लिपिकाची नव्हती, नियमांचीही पुरती नव्हती. एक सही आधी घ्यावयाची ती मी घेतली नाही. त्यानंतर मी कोणत्याही विद्यार्थ्याचे तिकीट काढू दिले नाही, जोवर अभ्यासकरारावर तिन्ही सह्या झाल्या नाहीत. ती मुलगी पुढील सत्रात दोन्ही विषयांत उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली आणि आज नोकरीतही आहे. परंतु तिचे गेलेले ते वर्ष माझ्या खात्यावर उधार आहे.

आपल्या देशातील स्थिती

आता आपल्या देशाची स्थिती पाहू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आले. २०२१ मध्ये श्रेयांक पेढीची व्यवस्था सुरू झाली. विद्यार्थ्याने मिळविलेले श्रेयांक बँकेतील ठेवीप्रमाणे त्याच्या नावावर जमा राहावेत, ही तिची कल्पना. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने भारतीय व परदेशी विद्यापीठांच्या सहकार्याचे नियम केले. त्यांतील जोड-अभ्यासक्रमाच्या प्रकारात विद्यार्थी काही भाग परदेशी विद्यापीठात पूर्ण करू शकतो. तेथील श्रेयांक एकूण श्रेयांकांच्या ३० टक्क्यांपर्यंत धरले जातात आणि पदवी भारतीय विद्यापीठाची मिळते.

इरॅस्मस योजनेचे दारही भारतीयांना बंद नाही. २००४ पासून ‘इरॅस्मस मुंडुस’ या नावाने दोन-तीन युरोपीय विद्यापीठांत मिळून करावयाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतात आणि त्यांच्या शिष्यवृत्त्या मिळविणाऱ्यांत भारतीय विद्यार्थी आघाडीवर असतात. २०१५ पासून युरोपबाहेरील विद्यापीठांशीही सत्रापुरती देवाणघेवाण करता येते. आपल्या महाविद्यालयाचा वा विद्यापीठाचा तसा करार असेल, तर निवड झालेल्या विद्यार्थ्यास मासिक अनुदान व प्रवासखर्च मिळतो. तेव्हा नियम आहेत, दारेही आहेत. परंतु नियम दिल्लीत होतो आणि सही आपल्या महाविद्यालयातील एका खोलीत होते. त्या खोलीपर्यंत नियम पोहोचला आहे की नाही, हे विद्यार्थ्याने व पालकाने स्वतः जाऊन पाहावे.

देणे आणि घेणे

‘देवाणघेवाण’ या शब्दात आधी ‘देवाण’ आहे, मग ‘घेवाण’. आपण बहुधा केवळ पाठविण्याचा विचार करतो. एक उदाहरण सांगतो. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२० अखेर इरॅस्मसमधूनही बाहेर पडले. त्याऐवजी त्यांनी २०२१ मध्ये ट्युरिंग नावाची स्वतःची योजना सुरू केली. तिच्यात ब्रिटिश विद्यार्थ्यांना बाहेर जाण्यास पैसे मिळत, पण बाहेरून येणाऱ्यांसाठी तरतूद नव्हती. वेल्सला हे पटले नाही. त्यांनी २०२२ मध्ये ‘ताइथ’ नावाची वेगळी योजना काढली आणि तिच्यात येणाऱ्यांसाठीही पैसा ठेवला. लोक आपल्याकडे आलेच नाहीत, तर आपले विद्यार्थी जाऊन काय सांगणार, असा त्यामागचा विचार होता. अखेर ब्रिटनने २०२७ पासून इरॅस्मसमध्ये पुन्हा सामील होण्याचा निर्णय डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केला.

आपल्या महाराष्ट्रातही याचे एक सुंदर उदाहरण आहे. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील महाविद्यालयांच्या एका संघाने अनेक दशके आपले विद्यार्थी पुण्यास पाठविले. ही मुले मराठी शिकत, पुणेकर कुटुंबांत राहत, वरण-भात जेवत आणि मराठी मुलुखातील एखाद्या विषयावर अभ्यास करून परतत. महाराष्ट्रातील दलित चळवळीच्या थोर अभ्यासक एलिनॉर झेलिअट या मिनेसोटातील कार्लटन महाविद्यालयात शिकवीत. त्यांनीही या कार्यक्रमाच्या निमित्ताने आपले विद्यार्थी पुण्यास आणले होते. ज्या पुणेकर गृहिणींनी या मुलांना आपल्या घरात ठेवून घेतले, त्यांनी पासपोर्टही काढला नसेल. परंतु आंतरराष्ट्रीय शिक्षणातील त्यांचे योगदान कोणा प्राध्यापकापेक्षा कमी नाही, असे मी मानतो.

पैशाची बाजू

शिकवणी शुल्क नसले तरी विमानभाडे, व्हिसा, विमा आणि राहण्याचा खर्च असतोच. जर्मनीच्या व्हिसासाठी विद्यार्थ्याच्या नावे एका अडत्या खात्यात रक्कम ठेवून दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा महिन्याला ९९२ युरो होता. सहा महिन्यांचे झाले ५,९५२ युरो, म्हणजे सुमारे सहा लाख रुपये. ही रक्कम खर्च होऊन जात नाही. ती विद्यार्थ्याची स्वतःचीच असते आणि दरमहा त्याला परत मिळत जाते. शिष्यवृत्ती मिळाली असल्यास तिचे पत्रही पुरावा म्हणून चालू शकते. परंतु शिष्यवृत्ती नसेल, तर जाण्यापूर्वी सहा लाख रुपये एकरकमी कोठून आणावयाचे, हा प्रश्न दुकानदाराला व नोकरदाराला सारखाच पडतो.

युरोपातही ही तक्रार आहे. अनुदान सर्व खर्चास पुरत नाही आणि त्याचा शेवटचा हप्ता बहुधा परतल्यावर मिळतो. म्हणून ज्यांच्या घरी थोडी पुंजी आहे तेच अधिक जातात. तेथे आता कमी उत्पन्नाच्या घरांतील विद्यार्थ्यांना वाढीव रक्कम देण्याची सोय केली आहे. गुणवत्ता असूनही केवळ चार महिन्यांच्या उसनवारीअभावी एखादी मुलगी राहून जाते, ही गोष्ट येथेही घडते आणि तेथेही.

आई-वडिलांचे प्रश्न

आपल्या समाजातील आई-वडील मला जेवणाविषयी हमखास विचारतात आणि तो प्रश्न मी हलका मानीत नाही. बहुतेक युरोपीय विद्यार्थी वसतिगृहांत सामाईक स्वयंपाकघर असते. डाळ, तांदूळ, कणीक, भाज्या मोठ्या शहरांत सहज मिळतात. जो स्वतः स्वयंपाक करू शकतो त्याला अडचण येत नाही. म्हणून जाण्यापूर्वी तीन महिने मुलाला आणि मुलीला सारखेच स्वयंपाकघरात उभे करावे, हा माझा सल्ला आहे. आपण काय खातो व काय खात नाही, हे पहिल्याच दिवशी हसतमुखाने सांगावे. संकोचाने गप्प राहणाऱ्यांची अधिक पंचाईत होते. आपला नियम नीट समजावून सांगितला, तर तेथील मुले त्याचा मान राखतात, असाच माझ्या विद्यार्थ्यांचा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट मन लागण्याची. पहिले तीन-चार आठवडे बहुतेकांना जड जातात. नोव्हेंबरमध्ये उत्तर युरोपात दुपारी चार-साडेचारला अंधार पडतो. अशा वेळी घरून दिवसातून पाच वेळा फोन करण्याने मुलाचे मन तेथे रुजत नाही. आठवड्यातून दोनदा निवांत बोलावे. बरीच विद्यापीठे नव्या पाहुण्यास तेथील एक विद्यार्थी सोबती म्हणून देतात, त्याचा लाभ घ्यावा. आणि केवळ भारतीयांच्याच घोळक्यात राहावयाचे असेल, तर एवढा खर्च कशासाठी, हेही मुलांना प्रेमाने विचारावे.

या सत्रातून काय मिळते? नोकरीत उपयोग होतो, भाषा येते, हे खरे. परंतु मला दिसलेला खरा लाभ निराळा आहे. परतलेला विद्यार्थी प्रश्न विचारू लागतो. तेथे प्राध्यापकांशी मतभेद व्यक्त करणे हा उद्धटपणा मानीत नाहीत. तेथे ग्रंथालयात एकट्याने चार-चार तास बसून काम करावे लागते. आपली भांडी आपण घासावी लागतात. आपल्या देशाविषयी कोणी विचारले आणि उत्तर आले नाही की लाज वाटते, मग मुले परतल्यावर आपलाच इतिहास वाचू लागतात. दुसऱ्याच्या घरी राहिल्यावर आपल्या घरातील चांगले काय आणि सुधारण्यासारखे काय, हे दोन्ही दिसते.

शेवटची विनंती

जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना मी पाच प्रश्न देऊन ठेवतो. माझ्या महाविद्यालयाचा त्या विद्यापीठाशी लेखी करार आहे काय? तेथील कोणत्या विषयाच्या बदल्यात येथील कोणता विषय माफ होणार, हे लिहून सही झाली आहे काय? तेथील परीक्षा संपण्याची तारीख आणि येथील अर्ज भरण्याची तारीख यांत टक्कर होते काय? तेथील गुण येथे कोणत्या कोष्टकाने बदलले जाणार? आणि गुणपत्रक उशिरा आले तर मुदतवाढ कोण देणार? या पाचही प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाल्यावरच तिकीट काढा.

विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने जे संकल्प होतील, त्यांत देवाणघेवाणीस निवडलेल्या विद्यार्थ्यांसाठी बिनव्याजी परतफेडीचा एक छोटा निधी असावा. व्हिसासाठी दाखवावयाची रक्कम आणि विमानभाडे एवढ्यापुरताच तो असावा. मुलगा परतला की एक-दोन वर्षांत रक्कम परत येईल आणि दुसऱ्याच्या कामी लागेल. त्यासोबत एक अट घालावी. परतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने पुढे जाणाऱ्या दोघांचे अभ्यासकरार स्वतः तपासून द्यावेत. जी ठेच त्याला लागली ती दुसऱ्याला लागू नये. आणि शक्य असेल त्या कुटुंबांनी परदेशातून येणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्यास काही दिवस आपल्या घरी ठेवून घ्यावे. पाठविणाऱ्याने स्वागतही करावे, म्हणजे देवाणघेवाण पुरी होते.

सोफिया कोर्रादी यांना झालेल्या अपमानाचे उत्तर त्यांनी रागाने दिले नाही. त्यांनी एक टिपण लिहिले आणि ते टिपण घेऊन अठरा वर्षे चालत राहिल्या. आपल्यापुरते बोलावयाचे तर आपल्याला अठरा वर्षे चालावयाचे नाही. आपल्या महाविद्यालयाच्या एका खोलीपर्यंत जाऊन एक सही आधी घ्यावयाची आहे. तेवढे आपण केले, तर आपल्या एखाद्या लेकीला परत आल्यावर “तिथे मी नापास झाले नाही, मग इथे का?” असे विचारावे लागणार नाही.